परसातली तोंडी परीक्षा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. कोथरूडमधल्या एका जुन्या गल्लीत त्यांचा छोटा बंगला होता. खाली ते एकटे राहत आणि वरची खोली भाड्याने द्यायची होती. मी यवतमाळहून नोकरीसाठी आलेली, मैत्रिणीच्या हॉस्टेलवर चोरून राहून वैतागलेली. दारात चपला काढायला लागले तर म्हणाले, "असू द्या पायात. मागे जायचंय." आणि घराला वळसा घालून मला परसात घेऊन गेले.

परसाच्या कंपाउंडची भिंत वेलींनी इतकी झाकली होती की दगड कुठे दिसत नव्हता. काकांनी पाठीमागे हात बांधले. "यातली एक वेल ठेवायची आहे. बाकीच्या काढायच्या आहेत. कोणती ठेवाल?"

मी बघत राहिले. सगळ्यांची पानं सारखीच दिसत होती, बोटं पसरलेल्या पंजासारखी. आमच्याकडे वेल म्हणजे दोडका नाहीतर वाल, तेवढंच मला ठाऊक. भाडं परवडणारं होतं, ऑफिस जवळ होतं आणि खोली हातची जाणार हे दिसत होतं. शेवटी मी म्हणाले, "माहीत नाही."

"सकाळी एक जण येऊन गेले," काका म्हणाले. "त्यांनी वेलीसमोर मोबाईल धरला आणि मोबाईलने सांगितलेलं नाव मला स्वतःचं म्हणून ऐकवलं. तेही चुकीचं. तुम्हाला काहीच येत नाही, पण तुम्ही तसं सांगितलंत. खोली तुमची."

मी म्हणाले, पण मी अजून ती बघितलेली नाही. त्यावर त्यांनी खोलीत बघण्यासारखं काय असतं असं विचारलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

काका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. उभं आयुष्य नकाशे काढण्यात गेलेलं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी कानामागे पेन्सिल असायची आणि दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की उठून सरळ करायचे. त्या घरच्यांना काय वाटेल याची पर्वा नाही. आपल्या डोळ्यांत मोजपट्टी बसवलेली आहे, असं ते स्वतःच सांगत. मी खांद्यावर पर्स अडकवून ऑफिसला निघाले की मागून आवाज येई, "डावा खांदा खाली जातोय." मला त्याचा भयंकर राग येत असे, आणि बसस्टॉपपर्यंत मी खांदा वर धरून चालत असे.

रविवारी चहाच्या आधी परसात शिकवणी. ती मी मागितली नव्हती, पण भाड्यातच धरलेली होती. "पानावर जाऊ नका," ते म्हणत. "पान सोंग घेतं. ताणा कुठून निघतो ते बघा." ताणा म्हणजे आधार धरायला वेल जी बारीक कुरळी दोरी सोडते ती. रानद्राक्षाचा ताणा पानाच्या बरोबर समोरून निघतो, पान एका बाजूला आणि ताणा दुसऱ्या. वेलघाणीचा पानाच्या बगलेतून येतो, आणि पान चुरगाळलं की असा वास सुटतो की पुन्हा तिची ओळख विचारावी लागत नाही. गारवेलीला ताणाच नसतो, ती स्वतःच दुसऱ्याच्या अंगाला वेटोळे घालत वर चढते. मधूनच एखादी शिवलिंगी निघायची, पट्ट्यापट्ट्यांच्या गोट्यांसारखी फळं धरणारी, आणि मी हमखास तिला द्राक्ष म्हणून फसायची. शिवलिंगीवर काकांचा राग नव्हता, ती इथलीच. वेलघाणी आणि गारवेल मात्र बाहेरच्या देशांतून आलेल्या. "पाहुण्या म्हणून आल्या आणि मालकाला बाहेर काढायला निघाल्या," असं म्हणून ते माझ्याकडे बघत. मी भाडं वेळेवर देत होते, त्यामुळे मीही त्यांच्याकडे बघत असे.

ठेवायची वेल म्हणजे रानद्राक्ष. वारज्याच्या बाजूला टेकडीच्या उतारावर पूर्वी ती रानात वाढायची. तिथे इमारती येणार म्हणून खुणा ठोकलेल्या दिसल्या, तेव्हा काकांनी तिचा कंद उकरून पिशवीतून आणला आणि या भिंतीशी लावला. दिवाळीनंतर ती सुकून जाते, जमिनीवर काही उरत नाही, आणि पावसाळ्यात कंदातून पुन्हा वर येते. तिची काळी आंबट फळं पिकली की काका चटणी वाटत. ती खाल्ली की घसा खवखवत असे. ते स्वतः चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता खात आणि मला विचारत, "कशी झालीय?" तिथे मात्र मी माहीत नाही म्हणू शकत नसे.

पलीकडच्या बंगल्यात एक निवृत्त साहेब राहत. त्यांच्या परसात पाढे म्हणावेत तशा एका रांगेत कुंड्या, आणि आमच्या भिंतीवरच्या रानाने त्यांची झोप उडालेली. साप निघतील, डास होतील, भिंत पडेल, अशा तक्रारी ते भिंतीवरून मान काढून करत. काका शांतपणे सांगत की साप निघालाच तर आधी आपल्याकडेच पाठवतो, आपल्याकडे बसायला जागा नीटनेटकी आहे. दोघं गेली कित्येक वर्षं एकमेकांशी असंच बोलत होते आणि एकमेकांना आपण म्हणत होते.

पहिली दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी काकांचा विक्षिप्तपणा वाढला, असं मला वाटलं. खालच्या घरातली खुर्ची मी वीतभर सरकवली तर ते संतापायला लागले. सकाळचा पेपर मला मोठ्याने वाचायला लावायचे. कारण काय, तर माझं वऱ्हाडी वळण जावं. परसात तर प्रश्नांची सरबत्तीच. आता ते दाखवत काही नसत, फक्त विचारत. हे काय? ते काय? ताणा कुठून निघालाय, सांगा. मी सांगायची, मग ते वेलीवरून बोटं फिरवत आणि मान हलवत. ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते, आणि घरात समोर चाललेलं मला दिसलं नाही. माझा खांदा कलतोय असं त्यांनी बऱ्याच दिवसांत म्हटलेलं नव्हतं, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एकदा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीची कड जळलेली दिसली. काय झालं म्हणून विचारलं, तर इस्त्री असं उत्तर मिळालं. काका सदरे इस्त्रीला बाहेर देत असत. तरीही मी वर निघून गेले, कारण त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं त्याच्यापुढे विचारायची सोय नव्हती.

मग आषाढातला तो रविवार आला. पावसाची उघडीप होती आणि मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली परसात काका, आणि पलीकडून साहेबांची मान भिंतीवर आलेली. वेली त्यांच्या बाजूला उतरल्या होत्या आणि आज तरी काही काढणार आहात का, असं ते विचारत होते. काका म्हणाले, आत्ता काढतो, आपण बघत राहा. एरवी ते वेलीजवळ गेले की आधी खोडावरून, मग पानावरून, मग ताण्यापर्यंत बोटं नेत, त्याला वेळ लागे. साहेबांच्या देखत त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी खोडाला हात घातला, वेटोळा हाताला लागला, "गारवेल," असं जाहीर केलं आणि दोन्ही हातांनी ओढून वेल बुडापासून उपटून काढली.

गारवेल होतीच. पण ती ज्या खोडाला वेटोळे घालून चढली होती ते खोड रानद्राक्षाचं होतं. दोन्ही एकदम आल्या. काकांनी तो भारा साहेबांच्या समोर धरला आणि विचारलं, झालं समाधान? त्यांच्या हातात रानद्राक्षाची रुंद पानं लोंबत होती, हिरव्या फळांचे घोसही होते, आणि ते सगळं दिसणाऱ्याच्या ऐटीत उभे होते. साहेबांना वेलींतलं काही कळत नव्हतं. ते खूश होऊन आत गेले.

मी ओला टॉवेल तसाच टाकून खाली धावले, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काकांनी पावलं ओळखली. मी गप्प आहे हेही त्यांना कळलं. त्यांनी भारा खाली ठेवला, वाकले, आणि मग सावकाश बोटं फिरवायला लागले. वेटोळा. त्याच्या आत दुसरं खोड. पान, पानाच्या खालची लव, आणि पानासमोर ताणा. त्यांची बोटं तिथे थांबली ती बराच वेळ हलली नाहीत.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

काचबिंदू, त्यांनी सांगितलं. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलंही धुरकट होत गेलं. डॉक्टरांकडे जाऊन आले होते, थेंबही घालत होते. गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असे, त्याला त्यांनी कळवलं नव्हतं, कारण त्याची आई गेल्यावर बापलेकांत एक करार झाला होता. बाबांना एकट्याने जमतंय तोवर ते या घरात राहतील, आणि जमेनासं झालं की बेंगळुरूला. हे सगळं त्यांनी नकाशावरचं अंतर सांगावं तितक्या कोरडेपणाने सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मुलाला बोलू नका."

मी म्हणाले, "मी आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं नाही बोलणार."

"बोलूही नका," ते म्हणाले. "तुमची खोली त्यावरच मिळालेली आहे."

त्यानंतरचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. खाली भांडं पडलं की मी जिन्यात. गॅसचा वास आला असं वाटलं की मी जिन्यात. कुणी फाटक उघडलं की वरूनच ओरडायची, "काका, पोस्टमन आलेत हो," म्हणजे ते पोस्टमनला बघून ओळखल्यासारखं बोलत. त्यांचा मुलगा मला अधूनमधून फोन करायचा, बाबा कसे आहेत म्हणून. मी सांगायची, जेवतात, फिरतात, शेजारच्यांशी भांडतात. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. काका पायरीवरून पडले तर? पुन्हा बाही पेटली तर? त्यांच्या हट्टाला मी मदत करतेय की त्यांच्या अपघाताला, हे मला कळत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी.

काकांनी रानद्राक्षाचं नावही काढलं नाही. परसात जाणंच त्यांनी सोडलं होतं.

गणपतीत मुलगा आला. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा, दमलेला, सभ्य माणूस. वाईट वागावा अशी माझी इच्छा होती, म्हणजे राग धरणं सोपं गेलं असतं, पण त्याने तसं काही केलं नाही. घरातलं सगळं जागच्या जागी होतं, काका सराईतपणे वावरत होते, त्यांनी त्याला स्वतः चहासुद्धा करून दिला. तो मात्र बघत होता. चहा ओतताना बाबा कपाच्या कडेला बोट लावून धरतात, हे त्याने बघितलं. जेवताना ताटातली चटणी कुठे आहे ते भाकरीच्या तुकड्याने चाचपतात, हेही बघितलं. संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, परसात जाऊ या. लहानपणी घ्यायचात तशी परीक्षा घ्या ना."

काका उठले. नाही म्हटलं असतं तर तेही उत्तरच झालं असतं.

मी परसातल्या दोरीवरचे कपडे काढत होते, आणि तिथून हलावं की थांबावं ते कळेना म्हणून तशीच थांबले. भिंतीपाशी गेल्यावर मुलगा म्हणाला, "या वेळी मी विचारतो. हे काय आहे?" काकांनी हात पुढे केला, पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. वेलघाणी. बरोबर. पुढची शिवलिंगी, तीही फळावरून बरोबर. तिसऱ्याला गारवेल म्हणाले. सगळं बरोबर येत होतं. तेवढ्यात मुलगा चार पावलं पुढे गेला आणि भिंतीच्या बुडाशी वाकला. मग हळूच म्हणाला, "बाबा, आता हात न लावता सांगा."

मी तिकडे बघितलं. ज्या जागी काकांनी वेल उपटली होती, तिथूनच वीतभर कोंब वर आला होता. कोवळा, लवेने पांढुरका झालेला, दोन पानांचा. कंद खालीच राहिला होता. काकांना याचा पत्ताच नव्हता, आणि मीही इतके दिवस त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं होतं.

काका कोंबाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. ते चेहरा अगदी स्थिर ठेवत होते आणि त्यांच्या मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत पिळवटत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. काका, रानद्राक्षावर मुंग्या आल्यात बरं का. पोस्टमनची खबर देते तसं, इतकं सोपं. त्यांचं घर त्या एका वाक्यावर होतं. मी तोंड उघडलं, "काका,"

त्यांनी माझ्या दिशेने तळहात वर केला. "थांबा. कॉपी चालणार नाही."

मग मुलाकडे वळून ते म्हणाले, "माहीत नाही. मला दिसत नाही."

पलीकडे साहेबांच्या घरी आरती चालू झाली होती, टाळ वाजत होते. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, काकांना ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. मला वाटलं तो आता कराराचं बोलेल. पण त्याने बाबांचा हात धरला, त्यांना सावकाश खाली बसवलं, स्वतःही चिखलात गुडघे टेकले आणि त्यांची बोटं त्या पानावर नेऊन ठेवली.

बोटं पानावरून फिरली. खालच्या लवेवर गेली. देठ, देठावरून खोड, आणि खोडाच्या पलीकडच्या अंगाला दोऱ्याएवढा कोवळा ताणा. पानाच्या बरोबर समोर.

"आली का," काका म्हणाले. "आली का परत." त्यांचा आवाज असा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्या परसात माहीत नाही म्हणणाऱ्याला खोली मिळायची. त्यांनी तेच म्हटलं आणि त्यांना घर सोडावं लागलं. दिवाळीच्या आधी ते बेंगळुरूला गेले. मुलगा चुकला असं मी म्हणू शकत नाही, आणि तरी याचा मला अजून राग येतो. जाताना त्यांनी दारातल्या कॅलेंडरवरून हात फिरवला, ते थोडं उजवीकडे सरळ केलं आणि कुलूप लावायला मला सांगितलं. ते आधी सरळच होतं. मी ते नंतर तसंच तिरकं राहू दिलं.

मी वर राहतेच आहे. खालचं घर बंद असतं. साहेब आता भिंतीवरून मान काढून काकांची चौकशी करतात, वेलींचं नाव काढत नाहीत. रविवारी सकाळी चहाच्या आधी काकांचा फोन येतो. अकराव्या मजल्यावर राहतात, तिथे कुंडीसुद्धा दुसऱ्याने लावलेली असते, अशी त्यांची तक्रार. मी फोन कानाला लावून परसात जाते आणि ते विचारतील ते सांगते. मागच्या रविवारी भिंतीच्या कोपऱ्यात एक नवीनच वेल दिसली. तळहाताएवढी पानं, दातेरी कड. ताणा कुठून निघालाय, त्यांनी विचारलं. ताणा अजून आलेला नव्हता.

"मग काय आहे ती?"

मी वाकून पुन्हा नीट बघितलं. "माहीत नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. "मग खोली तुमचीच."